सुरभीची चार पोटं

७ सप्टेंबर, रविवार

कारखान्यानं जानेवारीत दिलेली ही डायरी आजवर कपाटात कोरी पडली होती. निवृत्त माणसानं डायरीत लिहायचं तरी काय? सकाळी बीपीची गोळी घेतली. संध्याकाळी घेतली की नाही, ते आठवत नाही. हयात साखर कारखान्याच्या शेतकी खात्यात गेली. तेव्हा ऊसतोडीची चिठ्ठी माझ्या सहीनं निघायची, म्हणून लोक वाट वाकडी करून रामराम घालायला यायचे. आता तेच लोक मोटारसायकलवरून माझ्या अंगावर धूळ उडवत जातात.

पण आज देवळासमोर, चारचौघांत, आप्पांनी माझ्या गळ्यात हार घातला. म्हणून पेन शोधून काढलं.

आप्पा म्हणजे आमच्या वाडीच्या देवस्थान समितीचे अध्यक्ष. कुणाच्या पितरांना काय आवडतं, हे त्यांच्या पोराबाळांपेक्षा आप्पांना जास्त ठाऊक. उद्यापासून पितृपक्ष. घरोघर म्हाळ घालणार, आणि माणसं जेवायच्या आधी गाईला घास जाणार. वाडीत गाई मोप आहेत, पण सगळ्या दुधासाठी पाळलेल्या, जर्सी. आप्पांनी देवळात जाहीर केलं, "जर्सीला दिल्याला घास आपल्या पितरांना पोचत न्हाय. तिकडं इंग्रजांच्या पितरांना पोचतो." सगळ्यांना पटलं. मग देशी गाय कुणाकडं? माझ्याकडं. अस्सल गीर, लांब लोंबते कान, गाभण, सातवा महिना. मी तिचं नाव सुरभी ठेवलंय. आमची ठमाबाई तिला 'तांबडी' म्हणते. ठमाबाई मलाही लग्नापासून नुसतं 'अवं' म्हणते, तेव्हा नावांच्या बाबतीत तिच्याकडून फार अपेक्षा नाही.

तर यंदा सगळ्या वाडीचा गोग्रास माझ्या दारात. मी बोर्ड रंगवायला घेतला तेव्हा ओढ्यापलीकडची भागुबाई डोक्यावर दळण घेऊन चालली होती. थांबून म्हणाली, "येवढ्या समद्यांचं एकली गाय खाणार व्हय, हिंदुराव?" मी म्हटलं, "बाई, गाईला चार पोटं असतात." पुढचं तिला सांगून उपयोग नव्हता. ती मंडळी बौद्ध, त्यांच्यात म्हाळ घालत नाहीत. मी जातपात मानत नाही, पण ज्या गावाला जायचं नाही त्याची वाट कशाला दाखवा, म्हणून गप्प बसलो.

१० सप्टेंबर, बुधवार

बोर्ड झकास झाला. पिवळ्यावर लाल अक्षरं:

गोग्रास सेवा केंद्र. एक पोट वडिलांचं, एक आजोबांचं, एक पणजोबांचं. चौथं गोमातेचं स्वतःचं.

ही कल्पना माझी. म्हाळात तीन पिढ्यांची नावं घेतात आणि गाईला पोटं चार, हा योगायोग कसा असेल? पूर्वजांनी विचार करूनच गाय निवडली असणार. आप्पा तर बोर्ड वाचून गहिवरले. म्हणाले, "हिंदुराव, तुमी शेतकी खात्यात उगाच कुजला."

दारात रांग लागते. भात, आमटी, वडे, भजी, तांदळाची खीर, पुरणपोळ्या. सुरभी सगळ्यांचा मान राखते, कुणाला नाही म्हणत नाही. लोक तिच्या पाया पडतात आणि मग मला रामराम घालतात. आज मोटारसायकलवाले तिघे स्वतःहून थांबले.

ठमाबाईचा सूर मात्र वेगळा. "अवं, कडब्याला तोंड लावीना ती. निसतं ग्वाड खातीया." मी म्हटलं, रोज पुरणपोळी मिळाल्यावर तू तरी शिळी भाकरी खाशील का? तर म्हणाली, "मला रोज पुरणपोळी घालून तर बघा." विषय भलतीकडं गेला.

१५ सप्टेंबर, सोमवार

अविधवा नवमी. आज गर्दीचा कहर. बायकांनी आणलेली खीर बादलीत ओतून घ्यावी लागली. सुरभीनं बादली चाटून लख्ख केली.

संध्याकाळी ठमाबाई गोठ्यातून येऊन उंबऱ्यातच बसली. "कालपासनं तांबडी रवंथ करीना." मी तिला समजावलं. रवंथ कशासाठी? घाईघाईत गिळलेला चारा पुन्हा तोंडात आणून चावायचा, यासाठी. खीर कुणी चावतं का? वैरण म्हणजे उसाची मोळी, आधी यार्डात टाका, मग गव्हाणीत, मग गाळप. इथं तर थेट साखरच येतीय. गाळपाची गरजच काय?

तिला पटलं नाही. गाळपाचं गणित बायकांना पटत नाही.

१७ सप्टेंबर, बुधवार

सुरभीचं शेण पातळ झालंय, राखाडी, आणि त्याला आंबट वास येतोय. डावी कूस फुगलीय. दात खाते आणि मान वळवून पोटाकडं बघत राहते. आप्पांना दाखवलं. ते हात जोडून म्हणाले, "पितर तृप्त झाले की अशीच जडावते. लक्षण चांगलं हाय." तरी त्यांनी नाकाला उपरणं लावलं होतं, हे मी पाहिलं.

रांग चालू आहे. कुणाला परत पाठवायचं? ज्याला परत पाठवीन, त्याचे पितर माझ्या नावानं बोंबलणार.

१८ सप्टेंबर, गुरुवार

सुरभी उठेना. ठमाबाईनं मला न विचारता सरकारी दवाखान्यात फोन केला. डॉक्टर आल्या. करुणा त्यांचं नाव, वयानं आमच्या सुनेएवढ्या. पायात गमबूट. माणूस कुठला ते कळावं म्हणून मी रीतसर चौकशी केली. आडनाव? त्या म्हणाल्या, "आधी गाय बघू." गाव? "पळसदेव." पळसदेवात कुठल्या बाजूला? "पाण्याखाली गेलेल्या." आता उजनी धरणाच्या पाण्याखाली तर सगळंच जुनं पळसदेव गेलं, त्यावरून काय समजायचं? पुन्हा एकदा आडनाव विचारलं, तर म्हणाल्या, "आबा, जरा शेपटी धरा." धरली.

त्यांनी सुरभीच्या डाव्या कुशीत मूठ रोवली आणि डोळे मिटून उभ्या राहिल्या. मला वाटलं, मंत्र म्हणताहेत. विचारलं तर म्हणाल्या, "पोट घुसळतंय का बघते. चांगल्या गाईचं पोट सारखं घुसळत असतं, मुठीला लाट आल्यासारखी लागते. हिचं गप्प आहे." मग तोंडातून नळी घालून आतलं पाणी काढलं. त्याचा जो वास आला, तो इथं लिहिण्यासारखा नाही. कागदाची पट्टी त्यात बुडवली, तिचा रंग बघून मान हलवली.

"काय काय घातलंत हिला?"

मी अभिमानानं सांगितलं. बोर्डही दाखवला. त्यांनी तो सगळा वाचला. हसतील असं वाटलं होतं, पण हसल्या नाहीत.

"आबा, ही चार पोटं पाहुण्यांच्या खोल्या नाहीत. पहिलं हे कोटीपोट, मोठ्या पिंपाएवढं. गाय स्वतः वैरण पचवत नाहीच. या पिंपात कोट्यवधी बारीक जीव राहतात, ते पचवतात, आणि त्यांच्यावर गाय जगते. पुढं जाळीचं पोट, त्यात खिळा-तार अडकते. मग पडद्यांचं, तिथं पाणी शोषलं जातं. चौथं फक्त तुमच्या-माझ्यासारखं. तुम्ही पहिल्या पोटात पिंपभर भात, खीर, गूळ ओतलात. ते आंबलं आणि त्या आंबटात सगळे जीव मेले. आत आता कुणी नाही."

सलाईन लावली, सोड्याचं पाणी पाजलं, नळीनं जमेल तेवढं पोट रिकामं केलं. ठमाबाईनं विचारलं, "वासरू?" त्यांनी पोटावर हात ठेवून बराच वेळ तपासलं. "आहे. पण आई जगली तर."

ठमाबाईनं आत जाऊन पदर तोंडात कोंबला. मी बोर्ड उतरवून भिंतीकडं तोंड करून ठेवला. पावसाळी हवेत रंग अजून पुरता सुकला नव्हता, हाताला लागला.

डॉक्टरांनी चहा अर्धाच घेतला. घाईत असाव्यात.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

सकाळी डॉक्टर पुन्हा आल्या. म्हणाल्या, पोट धुतलंय, पण जीव नसतील तर वैरण घालून ती तशीच पडून राहील. बियाणं आणावं लागेल. कसलं बियाणं? तर दुसऱ्या निरोगी गाईच्या पोटातलं पाणी. नळीनं काढायचं, गाळायचं आणि गरम असतानाच हिच्या पोटात सोडायचं. दह्याला विरजण लावतात तसं. देणाऱ्या गाईला काही होत नाही.

एवढंच ना! मी डॉक्टरांना घेऊन वाडीत निघालो. पण आमच्याकडं रीत अशी, की घास सुरभीला आणि म्हाळाचं उरलंसुरलं पातेलं ज्याच्या त्याच्या जर्सीला. कुणाच्याही गोठ्यात जावं, तर तोच राखाडी पो आणि तोच आंबट वास, कमीजास्त इतकंच. आप्पांच्या गोठ्यात तर डॉक्टर दारातूनच मागं फिरल्या.

"या पंधरवड्यात जिला निवद मिळाला नाही, अशी एखादी गाय आहे का इथं?"

सगळ्यांना ठाऊक होतं, पण नाव कोण घेणार? शेवटी ठमाबाईच म्हणाली, "भागुबाईची सोनी. त्यांच्यात म्हाळ न्हाय."

इथं एक गोष्ट स्पष्ट लिहून ठेवतो. भागुबाईबद्दल माझं काही म्हणणं नाही. बाई कष्टाळू आहे, पोरगा बारामतीत नोकरीला आहे, घर आमच्यापेक्षा स्वच्छ आहे. माझा आक्षेप जर्सीला आहे. अस्सल गीर गाईच्या पोटात जर्सीच्या पोटातलं कसं घालायचं? तत्त्वाचा प्रश्न आहे. ठमाबाईनं माझ्याकडं असं पाहिलं, की मी तत्त्व तिथंच सोडून गोशाळांना फोन लावायला उठलो.

डॉक्टर म्हणाल्या, "शोधा. पण उद्यापर्यंत. नंतर मला बोलावू नका, खड्डा काढणाऱ्याला बोलवा."

बारामतीच्या बाजूला तीन ठिकाणी फोन केले. तिन्हीकडं देशी गाई आहेत, देखण्या आहेत, आणि तिन्हीकडं सध्या गोग्रास जोरात आहे. एकानं तर मलाच विचारलं, "तुमच्याकडं निरोगी गाय हाय का?"

२० सप्टेंबर, शनिवार

सकाळी सुरभीनं मान जमिनीवर टाकली. डोळे आत गेले होते. मी हाक मारली तर कानही हलवला नाही. खरं लिहायचं तर मी तिथंच शेणात बसलो. जनावर आहे, असं स्वतःला दहादा सांगितलं. तरी उठवेना.

बघतो तर ठमाबाई घरात नाही. बादली घेऊन ती केव्हाच ओढ्यापलीकडं गेली होती. मी मागोमाग निघालो आणि ओढ्याच्या अलीकडं उभा राहिलो. इथून सगळं दिसत होतं. भागुबाईच्या ओट्यावर डॉक्टर मांडी घालून भाकरी खात होत्या, आमटीत चुरून, बोटं चाटत. भागुबाई त्यांना 'पोरी' म्हणत होती आणि त्या तिला 'आज्जी'. सरकारी अधिकारी असून किती साधी वागणूक! आमच्याकडं मात्र बुजल्यासारख्या असतात. मोठ्या घराचं दडपण येत असावं.

डॉक्टरांनी हाक मारली, "आबा, नाक धरायला माणूस पाहिजे!" मी म्हटलं, मी इथनं लक्ष ठेवतोय. तेव्हा ठमाबाई ओरडली. लग्नात नाव घ्यायला सांगितलं होतं, तेव्हा ती लाजून पळाली होती. आज ओढ्याच्या दोन्ही काठांना ऐकू जाईल अशी ओरडली, "हिंदुराव! या इकडं मुकाट!"

गेलो.

सोनी बदामी रंगाची, बेताची गाय, गोठा झाडलेला. मी नाक धरलं. तिनं माझ्या शर्टाला तोंड पुसलं. नळीतून हिरवट पाणी बादलीत पडायला लागलं. वास वाईट नव्हता, भिजलेल्या वैरणीसारखा होता. डॉक्टरांनी पेटीतून छोटा सूक्ष्मदर्शक काढला, एक थेंब काचेवर टाकला आणि म्हणाल्या, "बघा." मी डोळा लावला. बाप रे! आत जत्रा भरली होती. कुणी गरगर फिरतंय, कुणी पळतंय, कुणी कुणाला ढुशी देतंय. मग सुरभीच्या पोटातला परवाचा थेंब दाखवला. नुसता गाळ. हलत काही नव्हतं.

"हे सगळे आपणच मारले?" मी विचारलं.

"तुमच्या पुण्याईनं," डॉक्टर म्हणाल्या.

भागुबाईनं तांब्या पुढं केला. "पाणी घ्या, हिंदुराव. तोंड सुकलंय तुमचं." सगळे माझ्याकडं बघत होते, सोनीसुद्धा. प्यायलो. नाही म्हटलं असतं आणि तिनं बादली परत मागितली असती तर? सुरभीसाठी प्यायलो, हे इथं नमूद करतो. पाणी गार होतं.

ते हिरवं पाणी सुरभीच्या पोटात सोडलं. आता वाट बघायची.

२१ सप्टेंबर, रविवार

सर्वपित्री अमावास्या. ज्यांना तिथी माहीत नाही त्यांचे सगळे पितर आजच येतात, म्हणून पाटी-पाटीनं निवद आला. मी दारात आडवा उभा राहिलो. म्हणजे दारात ठमाबाई उभी होती आणि मी तिच्या मागं ठामपणे उभा होतो. ती म्हणाली, "एक घास आत गेला तर पाटी डोक्यावर घालीन." लोक बिचकले. आप्पा आले. ठमाबाईला टाळून, तिच्या खांद्यावरून माझ्याशी बोलले. "मग पितरांनी जायाचं कुठं?"

वेळ कुणासाठी थांबणार? आप्पांनीच तोड काढली. त्यांच्या जर्सीच्या कपाळाला हळदकुंकू लावलं, शिंगांना बेगड लावली, आणि रांग तिकडं वळवली. कुणी तरी विचारलं, जर्सी चालते का? आप्पा म्हणाले, "गाईत कसली जात बघता? गोमाता ती गोमाता." लोकांना हेही पटलं. माझा बोर्डसुद्धा मागून घेऊन गेले.

जाताना त्यांनी विचारलं, "सुरभीला काय दिलं? कसलं तरी हिरवं औषध व्हतं म्हनं." मी म्हटलं, "पुण्याहून मागवलं. फॉरेनचं आहे." तोंडातून निघून गेलं. एकदा निघालेलं आत कसं घेणार, मी काय गाय आहे?

दुपारी मी गोठ्यात बसलो होतो. सुरभीनं एकदम ढेकर दिली. दणदणीत. मग मानेखालून एक गोळा वर सरकताना दिसला, आणि ती चावायला लागली. डावीकडून उजवीकडं, सावकाश. मी ठमाबाईला हाक मारली. ती हात न धुताच धावत आली, सुरभीच्या गळ्यात पडली आणि हमसून हमसून रडली. "चाव गं माझी बाय, चाव." मीही रडलो. इथं लिहायला हरकत नाही, कुणी वाचत नाही. मी कुशीत मूठ रोवून पाहिली. लाट आली. मुठीला ढकलून गेली.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

सुरभी उभी राहते, कडबा खाते. वासरू हललेलं ठमाबाईला दिसलं. नवरात्र चालू आहे. लोक म्हणतात, देवीनं वाचवली. काही म्हणतात, हिंदुरावांचं फॉरेनचं औषध. दोन्ही ऐकायला बरं वाटतं.

भागुबाई रोज येते. ठमाबाई आणि ती गोठ्यात बसून गप्पा मारतात, हसतात. कशाला हसतात ते मी गेल्यावर सांगत नाहीत.

डॉक्टर आज तपासून गेल्या. मी त्यांना एकांतात विचारलं, की सोनीचे जीव आता सुरभीच्या पोटात कायमचे का? की हळूहळू तिचे स्वतःचे, म्हणजे गीर पद्धतीचे, तयार होतील? त्यांनी पेटी बंद केली. "आबा, वासरू जन्मतं तेव्हा त्याचं कोटीपोट रिकामं असतं. ते आईला चाटतं, शेजारच्या गाईला चाटतं, सगळ्यांची लाळ लागलेल्या हौदात तोंड घालतं. त्यातून पोट वसतं. वाडीत एकही गाय अशी नाही, जिच्या पोटात फक्त तिच्या घरचे आहेत." मग गाडी सुरू करताना म्हणाल्या, "माणसांचंही तेच आहे. पण ते सांगायला वेगळं खातं आहे."

मी यावर विचार केला. माझा निष्कर्ष असा, की सुरभीच्या पोटात गेल्यावर ते जीव सुरभीचेच झाले. विषय संपला.

आप्पांच्या दारात रांग देवळापर्यंत येते. गोग्रास आता नवरात्रभर चालू ठेवणार म्हणे. सकाळी त्यांची गाय बघितली. डावी कूस फुगलीय, दात खातेय. ठमाबाई म्हणाली, "जाऊन सांगा की त्यांना." मी म्हटलं, त्यांनी विचारलंय का? गळ्यातला हार त्यांनी घातला होता, तो त्यांनीच काढून घेतला. अध्यक्षांना अक्कल शिकवणारे आपण कोण? रात्री ठमाबाईनं भाकरीबरोबर कालवण वाढलं नाही.

२ ऑक्टोबर, गुरुवार

दसरा. ओढ्यापलीकडं त्यांचा धम्मचक्र दिन, सकाळपासून पांढऱ्या कपड्यांत लगबग होती. आमच्याकडं देवळाच्या मंडपात सगळी वाडी सोनं वाटायला जमली होती. तेवढ्यात आप्पा आले. फेटा नाही, दाढी वाढलेली. त्यांची गाय कालपासून पडून आहे, हे सगळ्यांना ठाऊक होतं. डॉक्टर सकाळीच येऊन गेल्या होत्या आणि काय करायचं ते त्यांना सांगून गेल्या होत्या, हे मला ठमाबाईकडून ठाऊक होतं. आप्पांनी ते ऐकून घेतलं आणि म्हणाले होते, "त्यापेक्षा हिंदुरावांचं औषध आणतो."

म्हणून ते सरळ माझ्याकडं आले. हातात फोन, कानाला न लावता समोर धरलेला. "हिंदुराव, बारामतीचं मेडिकल लाइनीवर हाय. पोरगं गाडी घिऊन दुकानाम्होरं उभं हाय. त्या औषधाचं नाव सांगा." आणि फोनचा स्पीकर चालू केला.

मंडपातले सगळे जवळ सरकले. फोनमधून आवाज आला, "हां, बोला, नाव बोला लवकर. गिऱ्हाइकं हायत."

मला वाटलं, एखादं नाव ठोकून द्यावं. इंग्रजी, लांबलचक, दुकानात न मिळणारं. संपलंय म्हणाले असते, मी सुटलो असतो. तोंडापर्यंत आलंही होतं. पण मघाशीच मी त्यांच्या दारावरून आलो होतो. गाईनं मान टाकली होती, आणि मुलं तिच्या तोंडावरच्या माश्या वारत होती. त्या गाईनं कुणाचं काय घेतलं होतं? येईल ते गोड मानून खाल्लं, एवढाच तिचा गुन्हा. ठमाबाई बायकांत बसली होती. ती माझ्याकडं बघतसुद्धा नव्हती. तेच जास्त लागलं.

मी म्हटलं, "भागुबाई."

फोनमधून आवाज आला, "भा-गु-बा-ई. बरं. कंपनी कुठली?"

कुणी तरी फिस्सकन हसलं. मी म्हटलं, "ओढ्यापलीकडची. तुमच्याकडं नाही मिळायचं. ठेवा फोन."

आप्पांनी फोन बंद केला. इकडं तिकडं पाहिलं, मला कोपऱ्यात ओढलं आणि कानाशी येऊन म्हणाले, "तुमी म्होरं व्हा बादली घिऊन. मी मळ्याच्या मागल्या अंगानं येतो. कुणाला दिसाया नको."

मी म्हटलं, "आप्पा, मागल्या अंगाला वाट न्हाय. ओढ्यावर पूल येकच हाय, आन् तो ह्या मंडपाच्या तोंडासमोरनं जातो."

त्यांनी एकदा पुलाकडं पाहिलं. मग त्यांनी हातातली आपट्याची पानं माझ्या हातात दिली आणि चपला शोधायला लागले. मी बादली आणायला घरी निघालो, तर ठमाबाई ती घेऊन आधीच पुलावर उभी होती.